डेथ व्हॅलीतला एक हिवाळी दिवस: भाड्याच्या गाडीने केलेल्या सहलीचे नियोजन

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लास व्हेगासमध्ये मुक्काम असताना एक पूर्ण दिवस डेथ व्हॅलीसाठी काढायचा, त्यासाठी गाडी भाड्याने घ्यायची आणि रात्रीच्या जेवणापर्यंत हॉटेलवर परत यायचे, असे आमच्या घरात ठरले. माणसे पाच होती: साताऱ्याहून आमच्याकडे आलेले सासू-सासरे, आम्ही दोघे आणि आठ वर्षांची मुलगी. गाडी मुख्यतः माझे पती चालवणार होते, दुसरी चालक म्हणून करारात माझे नाव घातले होते आणि नियोजनाचे सारे काम माझ्याकडे होते. आईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ-उताराचे चालणे मर्यादित ठेवणे भाग होते. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यांच्या मनात या खोऱ्यातले एक विशिष्ट ठिकाण पक्के बसलेले होते, आणि या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय त्याच ठिकाणाशी निगडित होता.

वाळवंटातल्या एका दिवसाची आखणी ठिकाणांच्या यादीने करू नये, उजेडाच्या तासांनी आणि गाडीच्या मर्यादेने करावी, असे माझे ठाम मत आहे. ठिकाणे त्या दोन मापांत जेवढी बसतील तेवढीच घ्यावीत. पुढे जे लिहिले आहे ते हे मत प्रत्यक्षात कसे राबवले, त्याला घरातून कोणते आक्षेप आले आणि शेवटी दिवस कसा गेला, याचा तपशील आहे.

जागा आणि हंगाम

डेथ व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान बहुतांशी कॅलिफोर्नियात असून त्याचा थोडा भाग नेवाडात येतो. १९३३ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अलास्का वगळता अमेरिकेतले हे सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,७०० चौरस किलोमीटर आहे. एका दिवसात त्याचा एक पट्टाच पाहून होऊ शकतो, हे आधीच मान्य केले म्हणजे पुढची बरीच ओढाताण टळते. खोऱ्याचा तळ, म्हणजे बॅडवॉटर, समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली आहे, तर समोरच्या पॅनामिंट रांगेतले टेलिस्कोप शिखर ३,३६८ मीटर उंच आहे. पॅसिफिककडून येणारी बाष्पयुक्त हवा सिएरा नेवाडापासून एकामागून एक रांगा ओलांडताना आपले पाणी गमावते आणि या खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम ५ सेंटिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटाव कोरडे का, हे ज्यांनी अनेक वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले, त्या बाबांना ही गोष्ट समजावण्याची गरज नव्हती. तीच पर्जन्यछाया इथे अनेक पर्वतरांगांनी मिळून घडवली आहे.

हंगाम आम्ही निवडलेला नव्हता, सुट्ट्यांनी ठरवला होता, पण तो सुदैवाने योग्य होता. १० जुलै १९१३ रोजी खोऱ्यातल्या फर्नेस क्रीक या मुख्य वस्तीला ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि ती आजही जगातली सर्वोच्च अधिकृत नोंद मानली जाते. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खोऱ्याच्या सखल भागात चालायला जाऊ नये, असे उद्यानाचे अधिकारी बजावतात. वयस्कर माणसे आणि लहान मूल बरोबर असताना जून ते सप्टेंबर या काळात मी ही सहल आखलीच नसती. डिसेंबरात दुपारचे तापमान साधारण १८ अंशांपर्यंत जाते आणि रात्री ते ४-५ अंशांवर उतरते. म्हणजे उन्हाचा प्रश्न मिटतो, पण त्याची जागा उजेडाचा प्रश्न घेतो. त्या आठवड्यात सूर्य सातच्या आगेमागे उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. हाती सुमारे ९ तास ४० मिनिटे राहतात. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि बाकीचे सारे हिशेब त्याच्याखाली मांडले.

चालत्या दगडांचा प्रश्न

बाबांना पाहायचे होते ते रेसट्रॅक नावाचे कोरडे तळे. तिथल्या सपाट, भेगाळलेल्या चिखलावर मोठमोठे दगड आपल्यामागे लांब चर सोडत सरकलेले दिसतात. ते कसे सरकतात हे अनेक दशके कोडे होते. २०१३ च्या हिवाळ्यात संशोधकांनी दगड प्रत्यक्ष हलताना पाहिले आणि २०१४ मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध झाले: तळ्यात साचलेल्या उथळ पाण्यावर रात्री बर्फाचा पातळ थर धरतो, सकाळच्या उन्हाने तो तडकतो आणि हलक्या वाऱ्याने वाहणारे बर्फाचे मोठे तुकडे दगडांना मऊ चिखलावरून हळूहळू ढकलत नेतात. बाबांनी निवृत्त होण्यापूर्वी हे ‘न सुटलेले कोडे’ म्हणूनच वर्गात सांगितले होते. निवृत्तीनंतर त्याचे उत्तर वाचले तेव्हापासून ती जागा डोळ्यांनी पाहायची त्यांची इच्छा होती. ही इच्छा किरकोळ नव्हती, म्हणून तिला नकार देण्याआधी तिचा पूर्ण विचार करणे मला आवश्यक वाटले.

रेसट्रॅकला जाण्यासाठी उद्यानाच्या उत्तरेकडील उबेहेबे विवरापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि तिथून पुढे २७ मैल, म्हणजे सुमारे ४३ किलोमीटर, खडबडीत कच्चा रस्ता आहे. या रस्त्यावर धारदार दगड असतात, पृष्ठभागावर सलग आडव्या लाटा उठलेल्या असतात आणि एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या घरात जातो. जमिनीपासून उंच असलेली गाडी आणि जाड, मजबूत टायर यांशिवाय जाऊ नका, असे उद्यान प्रशासन सांगते. लास व्हेगासहून उबेहेबेपर्यंतचे जवळजवळ तीन तास त्यात मिळवले, तर जाऊन येण्यातच दहा तास जातात, म्हणजे त्या दिवशीचा सगळा उजेड संपून वर थोडा अंधार उरतो. एवढ्या हिशेबावर खरे तर प्रश्न मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, कारण माझ्या पतींचा आक्षेप वेळेविषयी नव्हता, गाडीविषयी होता. त्यांचे म्हणणे असे की आपण एसयूव्ही घेत आहोत, ती उंच आहे, मग पहाटे चारला निघून का जाऊ नये? हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक एसयूव्ही दिसायला जीपसारख्या असल्या, तरी त्यांचा सांगाडा साध्या मोटारीचा असतो, ताकद अनेकदा फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते आणि टायर शहरी रस्त्यांसाठी बनवलेले, पातळ बाजूंचे असतात. कच्च्या रस्त्यावर गाडी अडते ती बहुधा टायरची बाजू फाटल्यामुळे. उंचीचा संबंध त्यानंतर येतो. शिवाय भाडेकरारात डांबरी रस्ता सोडून गाडी नेण्यास सहसा मनाई असते. ती मोडली तर विम्याचे संरक्षण, मग ते कंपनीकडून घेतलेले असो वा क्रेडिट कार्डामार्फत मिळणारे, बहुतेक वेळा लागू होत नाही, आणि तिथून गाडी ओढून आणण्याचा भलामोठा खर्च आपल्याच खिशातून जातो. मी करारातले ते कलम मोठ्याने वाचून दाखवले. घरात त्यानंतर गाडीचा विषय निघाला नाही.

याच संदर्भात एक जुनी घटना मला सांगावी लागली, आणि ती मुलीच्या माघारी सांगितली. जुलै १९९६ मध्ये एक जर्मन कुटुंब, दोन मोठी माणसे आणि दोन मुले, भाड्याच्या मिनीव्हॅनने याच उद्यानाच्या दक्षिण भागातल्या कच्च्या वाटेवर गेले. त्यांची गाडी ऑक्टोबरात ॲन्व्हिल कॅन्यन नावाच्या घळईत टायर निकामी झालेल्या अवस्थेत सापडली. मोठ्या माणसांचे म्हणून मानले गेलेले अवशेष मिळायला २००९ साल उजाडले. नकाशावर जवळची दिसलेली वाट, त्या वाटेसाठी न बनलेली गाडी आणि आजूबाजूला मदतीचा पत्ता नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, हे त्या घटनेत दिसते. हिवाळ्यात उष्णतेचा धोका नसतो हे खरे आहे, परंतु उरलेल्या तिन्ही गोष्टी बाराही महिने तशाच असतात.

बाबांना नकार कसा द्यायचा, हा प्रश्न राहिला. त्यांना टाळाटाळीची उत्तरे देणे मला योग्य वाटले नाही. मी त्यांच्यासमोर नकाशा ठेवला, अंतरे आणि तास मांडले आणि त्यांनाच विचारले की या दिवसात ते कसे बसवाल. त्यांनी बराच वेळ पाहून स्वतःच पेन्सिलीने रेसट्रॅकवर काट मारली. मात्र त्याच्या बदल्यात खोऱ्याचा आडवा छेद, म्हणजे वरच्या कड्यापासून तळातल्या मिठापर्यंतचा सगळा उतार, मला एका दिवसात दाखव, अशी मागणी केली. या मागणीमुळे योजनेला नेमका तो कणा मिळाला, जो ठिकाणांच्या यादीला कधीच नसतो.

वाट आणि क्रम

लास व्हेगासहून डेथ व्हॅलीच्या मध्यभागाकडे जाणाऱ्या तीन मुख्य वाटा आहेत. उत्तरेची वाट हमरस्ता ९५ ने बीटी गावावरून जाते. ती वाळूच्या टेकड्यांकडे सोयीची, पण आमच्या छेदासाठी लांबची. दक्षिणेची वाट शोशोनीवरून दोन खिंडी ओलांडत थेट बॅडवॉटरच्या रस्त्याला मिळते; निसर्गदृष्ट्या ती सुंदर आहे, परंतु तिच्यावर वर्दळ फार कमी आणि वळणे खूप. मधली वाट नेवाडाच्या १६० क्रमांकाच्या रस्त्याने पहरम्पला, तिथून बेल व्हिस्टा रस्त्याने डेथ व्हॅली जंक्शनला आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या १९० क्रमांकाच्या रस्त्याने फर्नेस क्रीकला उतरते. हे अंतर सुमारे १२० मैल, म्हणजे १९५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि न थांबता दोन तासांहून थोडे अधिक लागतात. पहरम्प हे दुकाने, पेट्रोल पंप आणि दवाखाने असलेले मोठे गाव बरोबर अर्ध्या वाटेवर येते, म्हणून जाता-येता दोन्ही वेळा आम्ही मधली वाट निश्चित केली. दोन्ही राज्यांत घड्याळ एकच असल्याने वेळेचा गोंधळ नव्हता.

गोल फेरी करून वेगळ्या वाटेने परतावे, अशी सूचना पतींनी केली होती. ओळखीच्या वाटेने अंधारात परतणे सोपे जाते, या एका कारणासाठी मी ती मानली नाही. सकाळी उजेडात पाहिलेले वळण, पंप आणि चौक संध्याकाळी आपोआप आठवतात.

क्रम ठरवताना सूर्याची दिशा हा मुख्य आधार होता. दांतेज व्ह्यू हा पूर्वेकडच्या काळ्या पर्वतांवरचा १,६६९ मीटर उंचीचा कडा. तिथे उभे राहिले की पायाखाली सरळ बॅडवॉटर दिसते आणि समोर पश्चिमेला पॅनामिंट रांग. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि अख्खे खोरे समोरून उजळते. दुपारनंतर तेच दृश्य डोळ्यांवर ऊन घेऊन पाहावे लागते. उलट बॅडवॉटर त्याच पर्वतांच्या पायथ्याशी असल्याने हिवाळ्यात सकाळी बराच वेळ सावलीत असते, तेव्हा तिथे लवकर जाण्यात अर्थ नाही. रंगीत डोंगरांमधून जाणारा आर्टिस्ट्स ड्राइव्ह पश्चिमाभिमुख आहे, म्हणून तिथे दुपार कलल्यावर रंग उठून दिसतात. शिवाय हा ९ मैलांचा रस्ता एकेरी असून तो दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. फर्नेस क्रीकहून बॅडवॉटरकडे जाताना आधी त्याचे बाहेर पडण्याचे तोंड लागते आणि मग आत शिरण्याचे. त्यामुळे आधी बॅडवॉटर आणि परतताना आर्टिस्ट्स ड्राइव्ह हा क्रम सूर्याने आणि रस्त्याने, दोघांनीही मिळून ठरवून दिलेला आहे. असा योग जुळला की योजना बरोबर दिशेने चालली आहे, असे मला वाटते.

दांतेज व्ह्यूला जायचे तर १९० च्या रस्त्यापासून १३ मैल वर जावे आणि तेवढेच खाली यावे लागते. वेळ वाचवण्यासाठी हा फाटा वगळावा का, याची चर्चा झाली. तो वगळला असता तर पाऊण-एक तास वाचला असता, पण बाबांच्या छेदाचे वरचे टोकच गेले असते. म्हणून तो ठेवला आणि त्याऐवजी मुलीला हवी असलेली मेस्किट फ्लॅटची वाळू सशर्त ठेवली. वाळूच्या टेकड्या फर्नेस क्रीकच्या वायव्येला सुमारे ३७ किलोमीटरवर, म्हणजे परतीच्या नेमक्या विरुद्ध दिशेला आहेत. मी अट अशी घातली: आर्टिस्ट्स ड्राइव्ह संपवून आपण सव्वादोनच्या आत फर्नेस क्रीकला पोहोचलो तर वाळूकडे वळायचे, अन्यथा थेट परतीला लागायचे. ही वेळ मनाने काढलेली नव्हती. डेथ व्हॅली जंक्शन ते पहरम्प हा टप्पा निर्जन, दुपदरी आणि दिव्यांशिवायचा आहे, वाटेत कोयोट आणि रानगाढवे आडवी येण्याची शक्यता असते, आणि तो संधिप्रकाश संपण्यापूर्वी पार करायचा तर वाळूवर अर्धा तास धरूनही फर्नेस क्रीकहून सव्वादोननंतर वायव्येकडे वळणे परवडणारे नव्हते. ही वेळ आदल्या रात्री मुलीलाही सांगितली आणि तिच्याकडूनच वहीत लिहून घेतली. परत फिरण्याची वेळ घरी, शांतपणे ठरवावी. सुंदर जागी उभे राहून ती ठरवायला गेले की ती नेहमी पुढे सरकते.

तयारी

गाडी आदल्या संध्याकाळी ताब्यात घेतली, कारण लास व्हेगास विमानतळावरील भाड्याच्या गाड्यांचे केंद्र टर्मिनलपासून वेगळ्या जागी आहे आणि सकाळी तिथली रांग परवडली नसती. आधी मिळालेल्या गाडीत स्टेपनी नव्हती, फक्त हवा भरण्याचा आणि भोक बुजवण्याचा संच होता. हल्लीच्या अनेक नव्या गाड्यांत अशीच व्यवस्था असते. शहरात ती चालते, परंतु टायरची बाजू फाटली तर त्या संचाचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून आम्ही शांतपणे गाडी बदलून मागितली आणि ती मिळाली. स्टेपनीतली हवा, जॅक, पान्हा, चारही टायर, दिवे आणि काच पुसण्याचे पाणी हे सारे केंद्राच्या वाहनतळावरच तपासले. भारतातून येऊन स्वतः गाडी चालवू इच्छिणाऱ्यांनी आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना आणावा आणि गाडीच्या कंपनीची अट आधी लेखी पाहून ठेवावी. उजव्या बाजूने चालवण्याची सवय होण्यासाठी पहिला दिवस वाळवंटाचा नसावा, हेही त्याच ओघात सांगते.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला ४ लिटर असा उद्यानाने सांगितलेला आहे. आम्ही हिवाळा असूनही २० लिटर घेतले, कारण ते पाणी फिरण्यापुरते नसते, गाडी बंद पडून थांबावे लागले तर त्या थांबण्यासाठीही असते. त्याच कारणासाठी प्रत्येकाची शाल किंवा जाड जाकीट, बॅटरी आणि एक जादा जेवण गाडीत होते. आईंनी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी या जादा जेवणाच्या खात्यात मी मुद्दाम राखून ठेवली होती. फर्नेस क्रीकला उपाहारगृह आहे, पण सुट्ट्यांच्या दिवसांत तिथे किती वेळ जाईल हे आपल्या हातात नसते.

मोबाइलचे जाळे फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्स या दोन वस्त्यांच्या परिसराबाहेर जवळपास नाही. दिशादर्शक ॲपने सुचवलेल्या वाटेवर विसंबू नये, असा इशारा उद्यानाने दिलेला आहे, कारण ही ॲप कधीकधी बंद किंवा कच्च्या वाटाही रस्ता म्हणून दाखवतात. आम्ही नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, शिवाय छापील नकाशा ठेवला आणि तो वाचण्याचे काम बाबांकडे दिले. गाडी बंद पडली तर गाडी सोडून कोणीही मदत शोधायला चालत जायचे नाही, हा नियम सर्वांना सांगितला; गाडी दुरून दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे उद्यानाच्या रस्त्यांची स्थिती पाहिली. हा सोपस्कार नाही. ५ ऑगस्ट २०२२ रोजी फर्नेस क्रीकला काही तासांत ३७ मिलिमीटर पाऊस झाला आणि सुमारे हजार माणसे अडकून पडली. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या वेळी एका दिवसात ५६ मिलिमीटर, म्हणजे वर्षभराच्या सरासरीएवढा पाऊस पडला, रस्ते वाहून गेले आणि उद्यान थेट १५ ऑक्टोबरला पुन्हा उघडले. आर्टिस्ट्स ड्राइव्ह एकटाच बंद आहे असे पहाटे कळले, तरी दुपारचा सगळा क्रम बदलावा लागतो. प्रवेशशुल्क खासगी गाडीला ३० डॉलर आहे आणि ते सात दिवस चालते. रोख रक्कम घेतली जात नाही, कार्ड लागते.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी साडेसहाला निघालो. १६० चा रस्ता पहरम्पच्या आधी साडेपाच हजार फुटांच्या आसपास उंचीच्या खिंडीतून जातो आणि हिवाळ्यात तिथे कधी बर्फ असतो. त्या दिवशी रस्ता कोरडा होता. पहरम्पला टाकी पूर्ण भरली. उद्यानात पेट्रोल मिळते, पण बरेच महाग, आणि आमची सुमारे ४९० किलोमीटरची फेरी एका टाकीत कशीबशी बसत असल्याने परतीलाही तिथेच पेट्रोल घ्यायचे ठरलेले होते. डेथ व्हॅली जंक्शनला मार्टा बेकेट यांचे अमरगोसा ऑपेरा हाउस आहे. १९६७ मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या या नर्तिकेने तिथल्या पडक्या सभागृहाच्या भिंतींवर प्रेक्षक रंगवले आणि खरे प्रेक्षक असोत वा नसोत, अनेक वर्षे ती तिथे नाचत राहिली. २०१७ मध्ये तिचे निधन झाले. तिथे थांबायला वेळ नव्हता, पण गाडीत तिची गोष्ट सांगितली आणि आईंनी परतताना ती इमारत आवर्जून पाहिली.

दांतेज व्ह्यूला सव्वानऊला पोहोचलो. शेवटचा पाव मैल १५ टक्के चढाचा आहे. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली म्हणजे ब्रेक तापत नाहीत. वर खोऱ्यापेक्षा सुमारे १४ अंश कमी तापमान असते आणि त्या दिवशी वारा एवढा होता की आई गाडीतच बसल्या. वाहनतळावरूनच काचेतून पूर्ण दृश्य दिसत असल्याने त्यांचे काही हुकले नाही. बाबा मात्र कठड्याशी उभे राहून नातीला खालच्या पांढऱ्या पट्ट्यापासून समोरच्या शिखरापर्यंतची उंची समजावत राहिले. इथे ठरवलेल्यापेक्षा २५ मिनिटे जास्त गेली आणि मी त्यांना घाई केली नाही; ज्या मागणीसाठी हा फाटा ठेवला होता, तिथेच वेळ कापणे विसंगत ठरले असते.

झब्रिस्की पॉइंटला वाहनतळापासून वर जाणारी वाट फरसबंद आहे, छोटी आहे, पण चढ तीव्र आहे. आई दोनदा थांबून वर आल्या. तिथले पिवळे, सुरकुतलेले डोंगर हा एका प्राचीन सरोवराचा गाळ आहे. सरोवर काही दशलक्ष वर्षांपूर्वी आटले, मग जमीन कलली आणि पावसाने ती कोरून काढली. दुपारचे जेवण फर्नेस क्रीकला अभ्यागत केंद्राजवळ बरोबरच्या डब्यांवरच केले. फर्नेस क्रीकला लागूनच टिंबिशा शोशोनी लोकांची वस्ती आहे. हे खोरे त्यांच्या पूर्वजांचे घर असून २००० च्या कायद्याने त्यांना इथली काही जमीन परत मिळाली. १८४९ मध्ये वाट चुकलेल्या सोनेशोधकांनी दिलेले ‘मृत्यूचे खोरे’ हे नाव जगभर झाले. पण त्याच खोऱ्यात शतकानुशतके माणसे संसार करत होती, हे मुलीला सांगणे मला महत्त्वाचे वाटले.

बॅडवॉटरला पाऊण वाजता पोहोचलो. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून उतरून पुढे मिठाच्या सपाटीवर चालता येते आणि इथे आईंना सर्वांत सोपे गेले, कारण जमीन अगदी समतल आहे. मागच्या कड्यावर उंच समुद्रसपाटीची पाटी लावलेली आहे. ती दिसली की आपण किती खोल उभे आहोत ते कळते. ज्या कड्यावर सकाळी वाऱ्यात उभे होतो तो आता डोक्यावर सरळ १,७५० मीटर उंच होता. बाबांचा छेद पूर्ण झाला.

आर्टिस्ट्स ड्राइव्हवर लोह आणि मँगनीज यांसारख्या खनिजांनी रंगलेल्या टेकड्या पाहून फर्नेस क्रीकला परतलो तेव्हा पावणेतीन वाजले होते, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास पुढे. वहीतली वेळ मुलीनेच वाचली. ती हिरमुसली, पण ‘पाच मिनिटांत जाऊन येऊ’ असा हट्ट धरला नाही. त्याऐवजी अगदी जवळ असलेल्या हार्मनी बोरॅक्स वर्क्सला वीस मिनिटे दिली. १८८३ ते १८८८ या काळात तिथे टाकणखार शुद्ध केला जाई आणि वीस खेचरांच्या गाड्यांनी १६५ मैल दूर मोहावीच्या रेल्वे स्थानकापर्यंत नेला जाई. कॅरमच्या पटावर आपण भुरभुरतो ती बोरिक पावडर याच टाकणखारापासून बनते, हे आजोबांनी सांगितल्यावर ती जुन्या गाड्यांची चाके मोजण्यात रमली. तिथली वाट छोटी आणि फरसबंद असल्याने आईही फिरल्या.

सव्वातीनला परतीला लागलो. डेथ व्हॅली जंक्शन चारच्या आत मागे पडले, पहरम्पला पोहोचलो तेव्हा पश्चिमेला उजेड शिल्लक होता, आणि पेट्रोल भरून सहाच्या आधी हॉटेलवर होतो. वीसपैकी बारा लिटर पाणी उरले होते. राखून ठेवलेल्या दशम्या रात्री जेवणात खाल्ल्या.

रेसट्रॅकचा विचार बाबांनी सोडलेला नाही आणि मीही नाही. त्यासाठीची आखणी आता वेगळ्या कागदावर आहे: मार्चचा महिना, जेव्हा दिवस बारा तासांचा असतो आणि उष्मा वाढलेला नसतो, मुक्काम स्टोव्हपाइप वेल्सला, म्हणजे वाळूच्या टेकड्या पहाटे पायाशी असतील आणि मुलीचे राहिलेले पहिल्याच सकाळी होईल, आणि दगडांसाठी फर्नेस क्रीकला मिळणारी, त्या रस्त्यासाठीच बनवलेली जाड टायरांची जीप एक दिवस वेगळी घ्यायची. आईंनी त्या दिवशी मुक्कामीच थांबायचे ठरवले आहे. तळे ओले असेल तर त्यावर पाऊल ठेवायचे नाही, कारण ओल्या चिखलात उमटलेले ठसे वर्षानुवर्षे राहतात; ही अट बाबांनी स्वतः कागदावर सर्वांत वर लिहिली आहे.